खंडविप्लव आणि भूपट्ट : एका रूढ समीकरणाची चिकित्सा

भूविज्ञानाच्या लोकसुलभ विवेचनात एक कथा गेल्या अर्धशतकात चांगलीच स्थिरावली आहे. आल्फ्रेड वेगेनर ह्या जर्मन शास्त्रज्ञाने खंडे सरकतात असे प्रतिपादिले, समकालीन विद्वानांनी त्याचा उपहास केला, पुढे सागरतळाच्या संशोधनाने तो खरा ठरला आणि त्याचीच उपपत्ती भूपट्टसांरचनिकी ह्या नावाने सर्वमान्य झाली, असा तिचा सारांश सांगता येईल. कथा मनोवेधक आहे, कारण तीत एकाकी नायक आहे, दुराग्रही प्रतिपक्ष आहे आणि मरणोत्तर विजयही आहे. परंतु जे दोन सिद्धांत ह्या कथेत एकरूप मानले जातात त्यांच्यात वस्तुतः कितपत साम्य आहे, ह्याची छाननी क्वचितच होते. ही छाननी केवळ इतिहासाच्या शुद्धतेसाठी हवी आहे असे नव्हे. कोयना आणि किल्लारी येथील भूकंपांचा अर्थ लावताना सामान्य वाचकाचा, आणि पुष्कळदा सुशिक्षित वाचकाचाही, जो गोंधळ उडतो, त्याचे मूळ बऱ्याच अंशी ह्या समीकरणात आहे.

वेगेनर हा व्यवसायाने हवामानशास्त्रज्ञ. त्याने आपली कल्पना ६ जानेवारी १९१२ रोजी फ्रँकफुर्ट येथील व्याख्यानात प्रथम मांडली आणि १९१५ साली ‘खंडांची व महासागरांची उत्पत्ती’ ह्या अर्थाच्या शीर्षकाचे छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध केले. १९२०, १९२२ आणि १९२९ ह्या वर्षी त्याच्या सुधारून वाढविलेल्या आवृत्त्या निघाल्या. शेवटची आवृत्ती निघाल्यानंतर दुसऱ्याच वर्षी, नोव्हेंबर १९३० मध्ये, ग्रीनलंडच्या हिमपठारावर त्याचा अंत झाला. ह्या ग्रंथाची युक्तिवादाची पद्धती एखाद्या निष्णात वकिलाची आहे. एकही पुरावा निर्णायक नाही हे जाणून वेगेनर निरनिराळ्या शास्त्रांतील पुरावे एकाशेजारी एक मांडत जातो. दक्षिण अमेरिका व आफ्रिका यांच्या किनाऱ्यांचे जुळणारे आकार, मेसोसॉरस ह्या सरपटणाऱ्या प्राण्याचे दोन्ही तीरांवर सापडणारे जीवाश्म, ग्लोसोप्टेरिस वनस्पतीच्या पानांचे ठसे, आणि आज उष्ण कटिबंधात असलेल्या प्रदेशांतील प्राचीन हिमनद्यांच्या खुणा, असा हा क्रम आहे. फाटलेल्या वृत्तपत्राचे तुकडे जुळवताना कडा तर जुळाव्यातच, पण छापलेल्या ओळीही सलग वाचता याव्यात, हा त्याचा दृष्टांत प्रसिद्ध आहे आणि तो प्रसिद्ध व्हावा इतका समर्पकही आहे.

ह्या पुराव्यांत भारताचा वाटा लहान नव्हता. ओरिसातील तालचेर येथे गोट्यांचे जे स्तर १८५६ साली वर्णिले गेले ते हिमनदीने वाहून आणले असावेत, हे अनुमान वेगेनरच्या जन्मापूर्वीच निघालेले होते. गोंडांच्या भूमीवरून ज्या शैलसमूहाला गोंडवन हे नाव मिळाले, त्याचेच कोळशाचे थर वर्धा नदीच्या खोऱ्यात आजही खोदले जात आहेत. एडुआर्ट झ्यूसने ह्या नावावरून दक्षिणेकडील एका विशाल प्राचीन खंडाचे नामकरण केले, तेव्हा त्याच्या मते त्या खंडाचे मधले भाग समुद्रात बुडाले होते. वेगेनरने ते बुडाले नसून विलग झाले असे म्हटले. येथपर्यंत त्याचे श्रेय निर्विवाद आहे.

अडचण सुरू होते ती दुसऱ्या एका दृष्टांतापासून. वेगेनरच्या कल्पनेत खंडे ही हलक्या शिलांची तरती शकले असून ती सागरतळाच्या जड शिलांमधून, बर्फातून वाट काढणाऱ्या जहाजाप्रमाणे, पुढे सरकतात. पुढच्या बाजूला विरोध झाला की जहाजाच्या नाळेवर वळ्या पडाव्यात तसे पर्वत उठतात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील पर्वतराजी ही त्याची साक्ष. मराठीत रूढ झालेला ‘खंडविप्लव’ हा शब्द ह्या प्रतिमेशी कमालीचा इमानी आहे. ‘प्लु’ ह्या धातूत तरणे, वाहत जाणे हा अर्थ आहेच, आणि विप्लव म्हणजे उलथापालथ हाही अर्थ मराठी वाचकाच्या कानी पडतो. शब्द म्हणून तो सुरेख आहे. मात्र त्याने जहाजाचे रूपक कायमचे गोठवून ठेवले.

आणि हे जहाजच बुडणारे होते. खंड ज्या तळातून वाट काढणार तो तळ खंडाहून दुबळा असल्याचा पुरावा नव्हता. हॅरल्ड जेफ्रिजने १९२४ पासून हाच आक्षेप गणिताने मांडला. पृथ्वीच्या परिवलनामुळे खंडांना विषुववृत्ताकडे लोटणारे बल, तसेच सूर्यचंद्रांच्या आकर्षणामुळे त्यांना पश्चिमेकडे ओढणारे बल, ही वेगेनरने सुचविलेली दोन्ही बले शिलांच्या दृढतेपुढे अत्यंत क्षुद्र ठरतात, हे त्याने दाखविले. वेगाच्या बाबतीतही ग्रंथाचा आधार कच्चा होता. ग्रीनलंडच्या रेखांशांच्या जुन्या-नव्या मोजणीतील फरकावरून वेगेनरने ते बेट वर्षाला दहा मीटरांहूनही अधिक वेगाने पश्चिमेकडे जात असल्याचे मानले. उत्तर अटलांटिक रुंदावण्याचा वेग वर्षाला अवघा दोन-अडीच सेंटिमीटर आहे हे आता मोजून सिद्ध झाले आहे. मोजमापातील चूक म्हणजेच आपल्या उपपत्तीचा प्रत्यक्ष पुरावा, अशी त्याची समजूत झाली होती. विरोधकांवर दुराग्रहाचा आरोप करताना हे विसरता कामा नये की त्यांतील कित्येक आक्षेप रास्त होते आणि आजही रास्त आहेत.

तरीही वेगेनरचा सिद्धांत चालक बलाच्या अभावी नाकारला गेला, हे नेहमी दिले जाणारे स्पष्टीकरण पुरेसे नाही. आर्थर होम्सने १९२७ ते १९३१ ह्या काळातच प्रावरणातील अभिसरणप्रवाहांची कल्पना मांडली होती; तिने मत पालटले नाही. उलट १९६७-६८ मध्ये जेव्हा मत पालटले तेव्हा चालक बलाचा प्रश्न जवळजवळ जसाच्या तसा बाजूस ठेवण्यात आला होता. म्हणजे वेगेनरच्या पदरी जो दोष घातला जातो, तोच त्याच्या तथाकथित वारसांच्या अंगी असूनही त्यांचा सिद्धांत मान्य झाला. ह्या विसंगतीचा उलगडा एकाच रीतीने होतो: १९६७ साली मान्य झालेला सिद्धांत वेगेनरचा नव्हताच.

मधल्या काळातील घडामोडी सुपरिचित आहेत. त्यांचा त्रोटक उल्लेख पुरे. मेरी थार्प हिने १९५२ च्या सुमारास अटलांटिकच्या तळाचे छेद काढताना मधल्या पर्वतरांगेच्या माथ्यावर खचदरी ओळखली. (त्या काळी स्त्रियांना संशोधननौकेवर प्रवेश नव्हता, इतरांनी आणलेल्या आकड्यांवरून किनाऱ्यावर बसून तिने हे काम केले, आणि तिच्या सहकाऱ्यानेही ते आरंभी हसण्यावारी नेले.) हॅरी हेसने १९६२ च्या निबंधात ह्या रांगांपाशी नवा सागरतळ निर्माण होतो असे सुचविले आणि आपल्या लेखनाला ‘भूकाव्य’ म्हणण्याचा विनय दाखविला. पुढच्याच वर्षी फ्रेड व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी सागरतळाच्या चुंबकीय पट्ट्यांचा अर्थ लावला. त्यांच्या निबंधामागील सर्वेक्षण कार्ल्सबर्ग पर्वतरांगेचे, म्हणजे अरबी समुद्राच्या नैर्ऋत्येकडील भागाचे होते, ही गोष्ट महाराष्ट्रातील वाचकाने विशेष लक्षात ठेवावी. त्याआधीच दख्खनच्या काळ्या पाषाणाने एक साक्ष दिली होती. लाव्हा थिजताना त्यात तत्कालीन चुंबकीय दिशा कोरली जाते आणि तिच्या नतीवरून अक्षांश काढता येतो. १९५० नंतरच्या दशकात लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील व मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संशोधकांनी केलेल्या मापनांवरून, सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीचे हे लाव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेस, जवळजवळ ३० अक्षांशांवर थिजले असावेत असे दिसून आले. सह्याद्रीचे कडे दक्षिण गोलार्धात जन्मले, हे विधान आता अलंकारिक राहिलेले नाही.

हेसच्या निबंधातील एक मुद्दा मात्र ह्या चिकित्सेच्या दृष्टीने कळीचा आहे. खंडे कोणत्याही अज्ञात बलाने सागरतळ नांगरीत जात नाहीत. ज्या द्रव्यावर ती आरूढ आहेत त्या द्रव्याबरोबर ती निमूटपणे वाहून नेली जातात, असे त्याने स्पष्टपणे म्हटले. येथे वाक्यातला कर्ता बदलला. वेगेनरच्या वाक्यात खंड हा कर्ता आहे. हेसच्या वाक्यात तो उतारू आहे.

हा नवा कर्ता कोणता, हे टूझो विल्सनच्या १९६५ च्या निबंधाने सांगितले. पृथ्वीवरील चलनशील पट्टे एकमेकांत गुंतून अखंड जाळे बनवितात आणि त्या जाळ्याने पृष्ठभाग काही थोड्या, विस्तीर्ण, दृढ पट्टांत विभागला जातो, ही त्याची कल्पना. १९६७-६८ मध्ये डॅन मॅकेंझी व रॉबर्ट पार्कर यांनी, आणि स्वतंत्रपणे जेसन मॉर्गनने, तिला भूमितीचे रूप दिले. ह्या भूमितीचा गाभा मराठी घरातील एका परिचित वस्तूने समजू शकतो. नारळाची करवंटी फुटली की तिचे तुकडे वक्र असतात. असा एक तुकडा दुसऱ्या अखंड करवंटीच्या पाठीवर ठेवून सरकवला तर तो सपाट फळीसारखा सरळ जाऊ शकत नाही. त्याची कोणतीही हालचाल करवंटीच्या मध्यातून जाणाऱ्या कोणत्यातरी आसाभोवतीचे फिरणेच असते. ऑयलरने अठराव्या शतकात सिद्ध केलेले हे प्रमेय आहे. पट्ट दृढ असेल तर त्याच्या सर्व बिंदूंची गती तीन आकड्यांत सांगता येते: आसाच्या ध्रुवाचे अक्षांश व रेखांश आणि फिरण्याचा वेग. ध्रुवापासून दूर जावे तसा सीमेवरील वेग ठराविक प्रमाणात वाढत जातो. ‘भूपट्ट’ ह्या शब्दातील ‘पट्ट’ ताम्रपट्टासारखा सपाट वाटतो आणि नेमकी हीच वक्रता झाकून टाकतो, हा त्या शब्दाचा दोष आहे. तथापि तो आता इतका रूढ आहे की बदलण्याचा आग्रह धरणे व्यर्थ होय.

ह्या भूमितीत जे सामर्थ्य आहे ते वेगेनरच्या संपूर्ण ग्रंथात नाही. भारत व आफ्रिका यांच्या पट्टांमधील सापेक्ष गती कार्ल्सबर्ग रांगेवरून काढली आणि आफ्रिका व अंटार्क्टिका यांमधील गती अन्य रांगेवरून काढली, तर भारत व अंटार्क्टिका यांमधील गती बेरजेने निघते. ती वेगळी मोजून ताडून पाहता येते. सिद्धांत चुकला असेल तर बेरीज जुळणार नाही. झाव्हिए ल पिशाँने १९६८ साली सारी पृथ्वी सहा प्रमुख पट्टांत मांडून ही बेरीज जुळते हे दाखविले, आणि पुढे उपग्रहांच्या साहाय्याने घेतलेल्या मापनांतून आलेले वेग लक्षावधी वर्षांच्या सरासरीशी बहुतेक ठिकाणी जुळले. पुराव्यांची रास आणि पडताळून पाहता येणारे भाकीत ह्यांतला हा फरक आहे. वेगेनर वाचकाचे मन वळवितो. मॉर्गन वाचकाला बेरीज करून पाहण्यास सांगतो.

कर्ता बदलल्याचा परिणाम नकाशावर ताबडतोब दिसतो. पट्टाची जाडी साधारणपणे शंभर किलोमीटरांच्या आसपास असते. म्हणजे खंडाच्या कवचाखालील प्रावरणाचाही मोठा भाग त्यात येतो. खंड आणि सागरतळ ह्यांचा सांधा ही पट्टाची कड नव्हे. भारतीय पट्टात द्वीपकल्प आहे, तसाच बंगालच्या उपसागराचा आणि अरबी समुद्राच्या पूर्वेकडील भागाचा तळही आहे. वेगेनरच्या चित्रात कोकणचा किनारा ही भारतरूपी जहाजाची कड ठरते. भूपट्टांच्या चित्रात मुंबईच्या किनाऱ्यावर काहीच विशेष घडत नाही. खरी सीमा समुद्रात दीड-दोन हजार किलोमीटर नैर्ऋत्येस आहे. खंडांचे आकार रंगवून त्यांना बाण जोडणाऱ्या नकाशांनी हा भेद पुसून टाकला आहे.

चालक बलासंबंधीही एक जुने रूपक अजून सुटत नाही. तप्त प्रावरणातून वर येणारा प्रवाह पट्टांना दोन्ही बाजूंस लोटतो आणि पट्ट हे यंत्राच्या फिरत्या पट्ट्यावर ठेवलेल्या ओझ्यासारखे पुढे जातात, असे चित्र अजून काढले जाते. ते होम्सच्या काळातले आहे. डोनाल्ड फोर्सिथ आणि सेइया उयेदा यांनी १९७५ साली निरनिराळ्या पट्टांचे वेग तपासले, तेव्हा ज्या पट्टांच्या कडा मोठ्या लांबीवर प्रावरणात बुडत आहेत तेच पट्ट जलद जातात, असे आढळले. थंड होऊन जड झालेली कड खाली जाताना उरलेल्या पट्टाला मागून खेचते; पाटावर ठेवलेले जड वस्त्र एका बाजूने घसरू लागले की उरलेले आपोआप ओढले जावे, तसे हे आहे. पट्ट हे अभिसरणावर लादलेले ओझे नसून त्या अभिसरणाचाच वरचा, थंड थर आहेत. भारतीय पट्टाची उत्तर सीमा सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडल्यावर त्याचा वेग बराच मंदावला. आज तो वर्षाला ४ ते ५ सेंटिमीटरांच्या आसपास असून त्यांतील सुमारे २ सेंटिमीटर हिमालयात खर्ची पडतात. खंड भिडूनही पट्ट थांबत का नाही, ह्या प्रश्नाचे सर्वसंमत उत्तर अद्याप झालेले नाही.

मॅकेंझी आणि पार्कर यांचा निबंध ३० डिसेंबर १९६७ रोजी प्रसिद्ध झाला. त्याच महिन्यात, ११ डिसेंबरच्या पहाटे, कोयनानगर परिसरात ६.३ महत्तेचा भूकंप होऊन सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली. दृढ पट्टांचे गणित जगापुढे येत असतानाच पट्टाच्या पोटात, सर्वांत जवळच्या सीमेपासूनही हजार किलोमीटरांहून दूर, जमीन फाटली. हा योगायोग आहे, परंतु त्यात सिद्धांताची मर्यादा जितकी स्वच्छ दिसते तितकी अन्यत्र क्वचितच दिसेल.

‘भूकंप पट्टांच्या सीमांवर होतात’ हे वाक्य प्रत्येक प्राथमिक विवेचनात असते. ते बव्हंशी खरे आहे. पण ते कोणत्या अर्थाने खरे आहे हे पाहिले पाहिजे. सीमा प्रथम आखल्या गेल्या त्याच मुख्यत्वे भूकंपांच्या दाट रांगांवरून. तेव्हा हे वाक्य बऱ्याच अंशी व्याख्या आहे, शोध नव्हे. व्याख्येला शोध समजले की तिचा व्यत्यास करण्याचा मोह होतो, आणि सीमेपासून दूरचा प्रदेश सुरक्षित आहे असे अनुमान निघते. हे अनुमान सिद्धांतात कोठेही नाही. पट्ट दृढ आहे असे गृहीत धरणे हा भूमितीचा सोयीस्कर पाया आहे. पट्टाच्या पोटात ताण साठत नाही असा त्याचा अर्थ होत नाही. उलट दृढ वस्तूच एका कडेवरील दाब दूरवर पोचविते. हिमालयापाशी होणारा विरोध द्वीपकल्पातील शिलांपर्यंत येतो आणि जेथे जुना भ्रंश दुबळा असेल तेथे त्याची वाट मोकळी होते, असे बहुसंख्य संशोधक मानतात. कोयनेला शिवाजीसागराच्या पाण्याने निमित्त पुरविले. ताण पाण्याने निर्माण केलेला नव्हता.

ह्या व्यत्यासाला केवळ नवा सिद्धांत जबाबदार नाही, हे न्यायाने सांगितले पाहिजे. दख्खन म्हणजे अचल, प्राचीन, निश्चिंत भूमी ही समजूत त्याहून जुनी आहे. १९६७ पूर्वीच्या भूकंपधोक्याच्या नकाशात कोयनेचा समावेश अत्यल्प धोक्याच्या विभागात होता. १९७० च्या सुधारणेत तो परिसर वरच्या विभागात गेला. परंतु सुधारणा झाली ती जेथे भूकंप झाला तेथपुरती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून निजलेल्या किल्लारी आणि परिसरातील गावांवर दगडमातीची घरे कोसळली तेव्हा लातूर जिल्ह्याचा तो भाग नकाशात सर्वांत कमी धोक्याच्याच विभागात होता. मृतांची संख्या आठ ते दहा हजारांच्या घरात गेली. भूकंपाची महत्ता कोयनेएवढीच होती. जुन्या सिद्धांताने दिलेला निर्धास्तपणा नव्या सिद्धांताने काढून घ्यायला हवा होता. पण वेगेनरच्या जहाजाच्या प्रतिमेत वाचला गेल्यामुळे त्याने तो उलट पक्का केला. जहाजाची नाळ आदळते, मधल्या खोलीतला प्रवासी निवांत असतो!

दृढतेच्या गृहीतकाला सर्वांत मोठा धक्का जमिनीवर नव्हे, समुद्राखाली बसला. ११ एप्रिल २०१२ रोजी सुमात्राच्या पश्चिमेस, सीमेच्या खंदकापासून दूर, सागरतळाच्या आत ८.६ महत्तेचा भूकंप झाला; आडव्या सरकण्याने होणाऱ्या भूकंपांत आधुनिक उपकरणांनी नोंदलेला तो सर्वांत मोठा होय. एके काळी भारत व ऑस्ट्रेलिया मिळून एकच पट्ट मानला जात असे. आता तो दोन किंवा अधिक तुकड्यांत विलग होत असून त्यांमधील सीमा ही रेषा नाही, शेकडो किलोमीटर रुंदीचा विस्कळीत प्रदेश आहे, हे मत रूढ झाले आहे. रेषेऐवजी प्रदेश आला की करवंटीचा दृष्टांतही अपुरा पडतो, कारण तुकडा स्वतःच वाकत असतो.

भूकंपधोक्याच्या २००२ च्या सुधारित नकाशातून सर्वांत खालचा विभागच वगळण्यात आला. कोयनेजवळ गोठणे येथे सुमारे ३ किलोमीटर खोलीचे छिद्र पाडण्यात आले. सव्वा किलोमीटर जाडीच्या लाव्हाखाली थेट प्राचीन ग्रॅनाइट लागला. ज्या भ्रंशांवर १९६७ पासून धक्के होत आले आहेत ते ह्याच ग्रॅनाइटात आहेत. भूपट्टांचा कोणताही नकाशा त्यांची जागा सांगत नाही.